सुटी होणारी रायफल, अलास्कातलं तळं आणि एक जादा मुक्काम

अलास्काच्या सहलीबद्दल मराठीत बरंच लिहिलं गेलंय. हिमनद्या, क्रूझ, डेनाली, अस्वलं. आमची सहल जरा वेगळ्या कारणाने ठरली. अँकरेजला राहणारा माझा चुलतभाऊ, आमचा दादा, दर उन्हाळ्याच्या शेवटी फ्लोटप्लेनने, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, मित्राच्या रानातल्या केबिनवर जातो. त्याच्या सामानात एक बंदूक असते. ती सुटी करून तिच्याच दस्त्यात, म्हणजे खांद्याला टेकवायच्या भागात, भरता येते आणि कुठल्याही सॅकमध्ये मावते. फोनवर तिचं वर्णन ऐकल्यापासून मला ती बघायची होती. विमान पडून रानात अडकलेल्या वैमानिकासाठी कुणीतरी बसून, विचार करून बनवलेली वस्तू प्रत्यक्षात कशी चालते, आणि मुळात तिची गरज किती, हे तिथेच जाऊन समजून घ्यायचं होतं. मी आणि माझी बायको सिअॅटलला राहतो. ऑगस्ट संपता संपता आम्ही निघालो.

शुक्रवार : अँकरेज, लेक हूड

सिअॅटलहून साडेतीन तासांचं विमान. दादा आम्हाला विमानतळावरून घरी न नेता थेट लेक हूडला घेऊन गेला. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा जगातला सर्वांत गजबजलेला तळ हाच. काठाकाठाने घरांसारखी रांगेत बांधलेली छोटी विमानं, प्रत्येकापुढे एक लाकडी धक्का आणि एक शेड. एक आजोबा आपल्या विमानात किराणा भरत होते, पिशव्या, डॉगफूड, दुधाचे कॅन. अलास्कात रस्ते इतके कमी आहेत की अशा विमानांशिवाय कित्येक गावांचं पानही हलत नाही.

तिथेच काठावर अलास्का एव्हिएशन म्युझियम आहे. वेळ काढून बघा. 1928 चं स्टीअरमन सी2बी, फेअरचाइल्ड पिलग्रिम अशी जुनी 'बुश प्लेन्स', म्हणजे रानावनात उतरणारी छोटी विमानं, जवळून बघता येतात. कापड, लाकूड आणि नळ्यांच्या त्या विमानांतून लोक उणे चाळीसमध्ये टपाल पोचवत होते. इंजिन बंद पडलं की खाली उतरायचं आणि वाट बघायची. वाट बघता बघता काय खायचं, हा प्रश्न इथे नेहमीच खरा होता.

रात्री वहिनीने केलेली भाकरी-वांगी खाऊन झाल्यावर दादाने जेवणाच्या टेबलावर जुना टॉवेल पसरला आणि ती वस्तू ठेवली. बघायला नुसता काळा प्लास्टिकचा दस्ता. लांबी साडेसोळा इंच, वजन साडेतीन पौंड, म्हणजे साधारण 1.6 किलो. मागचं रबरी टोपण ओढलं की आत खाचा दिसतात. एका खाचेत नळी, एकीत रिसीव्हर, म्हणजे बंदुकीची यंत्रणा असलेला भाग, बाकीच्यांत मॅगझिन, म्हणजे गोळ्यांच्या डब्या. जोडायला हत्यार लागत नाही. रिसीव्हर दस्त्याच्या पुढच्या टोकात सरकवायचा, मुठीच्या पोटातला स्क्रू हाताने फिरवून आवळायचा. मग नळीची खाच जुळवून ती आत घालायची आणि मोठं नट घट्ट करायचं. दादाचं बोलणं संपेपर्यंत 35 इंची रायफल तयार होती. त्यापूर्वी त्याने एक गोष्ट मात्र न चुकता केली. बोल्ट, म्हणजे आतला सरकता दट्ट्या, मागे ओढून चेंबरमध्ये, गोळी बसते त्या जागेत, बोट घातलं आणि मलाही घालायला लावलं. "डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, बोटाने बघायचं," तो म्हणाला. पुढच्या सगळ्या दिवसांत त्याने हा नेम मोडला नाही.

ही हेन्री कंपनीची एआर-7. मूळ रचना युजीन स्टोनर यांची, ज्यांच्या एआर-15 रायफलचं नाव सगळ्यांना माहीत आहे. 1950 च्या दशकात ते आर्मालाइट या बंदूक कंपनीत असताना अमेरिकन हवाई दलासाठी त्यांनी आधी एआर-5 केली. एक्सबी-70 या नव्या बॉम्बरच्या कर्मचाऱ्यांसाठी, .22 हॉर्नेट काडतुसाची, चार गोळ्यांची बोल्ट-अॅक्शन, म्हणजे प्रत्येक बारानंतर बोल्ट हाताने ओढायची. हवाई दलाने तिला एमए-1 असं नावही दिलं, पण मोठी खरेदी झालीच नाही, कारण आधीच्या बंदुका कोठारात पडून होत्या. मग स्टोनरनी तीच कल्पना नागरिकांसाठी वळवली. काडतूस स्वस्त आणि कुठेही मिळणारं .22 लाँग रायफल, यंत्रणा सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरणारी, मॅगझिन आठ गोळ्यांचं. साल 1959. मूळची एआर-7 पाण्यात पडली तरी तरंगावी अशी बनवलेली होती. तळ्यात उतरणाऱ्या माणसासाठी हा केवढा विचार! पुढे ती चार्टर आर्म्सकडे गेली, मग सर्व्हायव्हल आर्म्सकडे, आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून हेन्री ती बनवते.

त्या आधीच्या कोठारातल्या बंदुकांमध्ये एक एम6 होती. ती मला एआर-7 पेक्षाही जास्त आवडली, निदान कागदावर. मधोमध दुमडणारी, एकावर एक दोन नळ्या, वर .22 हॉर्नेट, खाली .410 ची छऱ्याची. घोड्याच्या जागी लांब पट्टी, म्हणजे जाड हातमोजे न काढता मुठीने दाबून बार काढता येईल. दस्त्याच्या झाकणाखाली काडतुसांसाठी कप्पे, नऊ हॉर्नेटची आणि चार छऱ्यांची. बर्फात बोटं बधिर झालेल्या माणसाला घोड्याच्या कडीत बोट घालता येणार नाही, हे ज्याला सुचलं त्याने थंडी नक्की भोगली असणार.

शनिवार : रॅबिट क्रीक

सकाळी अँकरेजच्या दक्षिणेला सीवर्ड हायवेवर रॅबिट क्रीक शूटिंग पार्कला गेलो. हे राज्याच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याचं मैदान आहे. समोरच पॉटर मार्श, पाणथळीवरून जाणारा लाकडी पूल, पक्षी बघणाऱ्यांची गर्दी. एकाच रस्त्याच्या एका बाजूला दुर्बिणी आणि दुसऱ्या बाजूला बंदुका, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

मैदानावर शिस्त कडक. शिट्टी झाली, 'कोल्ड' पुकारलं की बंदुका बाकावर उघड्या ठेवायच्या, मागच्या रेषेपलीकडे उभं राहायचं आणि कशालाही हात लावायचा नाही. कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा. आमच्या बाकाशी आलेला पंच, पांढऱ्या दाढीचा उंच माणूस, एआर-7 बघून खूश झाला. त्याने आमच्याकडची काडतुसं बघितली आणि त्यातली एक पेटी बाजूला ठेवायला सांगितली. मंद वेगाची काडतुसं या बोल्टला पुरेसा धक्का देत नाहीत, मग पुढची गोळी अडकते. गोल नाकाची, जास्त वेगाची घ्या, असं त्याचं म्हणणं. गोळी चेंबरकडे वर चढवणारा उतार या बंदुकीत मॅगझिनच्याच तोंडाशी आहे, तो वाकला की सगळं बिघडतं. म्हणून मॅगझिन सॅकमध्ये सुटं टाकायचं नाही, दस्त्यातच ठेवायचं.

25 यार्डांवरून मारलेल्या गोळ्या पाच-सहा सेंटिमीटरच्या गोलात बसल्या. मागची माशी म्हणजे भोकाची पट्टी, पुढची नारिंगी पात. अंधुक उजेडात नारिंगी चटकन दिसते. धक्का जवळजवळ नाहीच. बायकोनेही मारून बघितलं. तिचं मत : दस्ता फार जाडा, गाल नीट टेकत नाही. बरोबर आहे. ज्या दस्त्याच्या पोटात अख्खी बंदूक राहते, तो खांद्यासाठी नाही तर कप्प्यासाठी घडवलेला असतो.

शेजारच्या बाकावरच्या मुलीने तिची रुगर 10/22 टेकडाऊन दाखवली. 2012 मध्ये आलेली ही रायफल दोन तुकड्यांत सुटते. बोल्ट मागे अडकवायचा, खालची कळ दाबून नळी फिरवायची, की नळी हातात. जोडल्यावर खांद्याला ती खऱ्या रायफलसारखी बसते, नेमही जास्त चांगला. पण वजन दोन किलोच्या वर, आणि तिला स्वतःची बॅग लागते. दादाचं म्हणणं असं की शिकारीला जायचं तर रुगर, आणि शिकारीला जायचं नसताना जवळ असावी तर एआर-7. मला हा फरक पटला.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. अमेरिकेत टुरिस्ट किंवा तशाच बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर बंदूक किंवा काडतुसं बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद मिळतो, पण तो नीट वाचून, विचारूनच. मित्राची बंदूक 'जरा धरून बघतो' हेही करू नका. ग्रीन कार्डवाल्यांचं वेगळं. विमानातून न्यायची तर रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इन सामानात आणि काउंटरवर सांगून. केबिन बॅगेत कधीच नाही, सुटं काडतूसही नाही.

रविवार : पामर

पामरला राज्याची जत्रा सुरू होती. मटानुस्का खोऱ्यात उन्हाळ्यात इतका वेळ ऊन असतं की भाज्या हाताबाहेर वाढतात. 2012 मध्ये इथे 138.25 पौंडांचा कोबी आला होता, म्हणजे जवळपास 63 किलो. यंदाचे गड्डेही बाकावर मावत नव्हते. वहिनी एका गड्ड्यासमोर बराच वेळ उभी राहून किती माणसांची भजी होतील याचा हिशोब करत होती. आम्ही रेनडिअर सॉसेज खाल्लं, जरा तिखट, धुराचा वास असलेलं, गरम पावात. मग हॅचर पासला जाऊन ब्लूबेरी तोडल्या. बोटं जांभळी झाली. रस्त्याकडेच्या फायरवीडच्या तुऱ्यांचा कापूस झाला होता. इथे म्हणतात, फायरवीडचा कापूस झाला की उन्हाळा संपला.

संध्याकाळी मासेमारीचा परवाना ऑनलाइन काढला. बाहेरच्यांसाठी दिवसांच्या हिशोबाने मिळतो, फोनवर ठेवला तरी चालतो. तो बायकोच्या नावाने घेतला. ती मालवणची, गळ टाकणं तिला शिकवावं लागत नाही. शिकारीचा परवाना फक्त दादाकडे, तो इथला रहिवासी.

सोमवार : तळ्याकडे

आमची वैमानिक साठीच्या पुढची बाई. युकॉनकाठच्या गावात वाढलेली, केसांची वेणी, हातांवर ग्रीसचे डाग. आधी आम्हाला प्रत्येकाला वजनकाट्यावर उभं केलं, मग सामानाला. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला पळवायचा तिखट फवारा, हातातून काढून घेतला आणि बाहेर, विमानाखालच्या फ्लोटच्या कप्प्यात टाकला. केबिनमध्ये तो फुटला तर उडवणाऱ्याचेच डोळे जातील.

उडण्याआधी मी तिला तिची आणीबाणीची पिशवी दाखवायची विनंती केली. तिने आनंदाने दाखवली. अलास्काच्या कायद्यात विमानात काय हवं याची यादी अनेक वर्षं अशी होती : प्रत्येक माणसाला आठवडाभर जगवील एवढं अन्न, कुऱ्हाड, प्रथमोपचार पेटी, गळ-दोऱ्या, सुरी, आग पेटवायचं साधन, डोक्यावरची मच्छरजाळी, धूर किंवा प्रकाशाचे संकेत. 15 ऑक्टोबर ते 1 एप्रिल या काळात बर्फावर चालायचे स्नोशूज आणि स्लीपिंग बॅगही. पूर्वी या यादीत बंदूक सक्तीची होती. पुढे कायदा बदलून ती काढली.

"मग तुम्ही ठेवता का?" मी विचारलं.

तिने सीटमागून एक जुनी एआर-7 काढली. दस्त्यावरचा रंग उडालेला, नटवर टेप गुंडाळलेला. "ठेवते. वजन नाही, जागा खात नाही, म्हणून ठेवते. मोठी असती तर मीच कधीतरी घरी ठेवून आले असते. पण ही सगळ्यांत शेवटी कामाला येते. आधी हे." असं म्हणून तिने कमरेच्या पट्ट्यावर अडकवलेला छोटा पिवळा डबा थोपटला. पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन. संकटात 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संदेश पाठवणारा. पिशवीत न ठेवता अंगावर का, तर विमान बुडालं किंवा पेटलं तर जे अंगावर असेल तेवढंच तुमचं.

मग तिने 1972 ची गोष्ट सांगितली. अमेरिकी संसदेतले अलास्काचे खासदार निक बेगिच आणि लुइझियानाचे हेल बॉग्ज 16 ऑक्टोबरला अँकरेजहून जुनोला निघालेले. सेस्ना 310. 39 दिवस शोध चालला आणि विमानाचा एक तुकडाही आजवर मिळाला नाही. "शोधणाऱ्यांना कुठे बघायचं हेच कळलं नाही तर पिशवीत काहीही असो," ती म्हणाली.

उड्डाण अर्ध्या तासाचं. कुक इनलेटचा चिखलट किनारा, स्लीपिंग लेडी म्हणतात तो माउंट सुसित्ना डावीकडे, आणि खाली नुसती तळी. स्प्रूसचं जंगल, दलदल, पुन्हा तळं. फ्लोट पाण्याला लागताना वाटलं होतं त्यापेक्षा आवाज फार मोठा होतो. तिने आम्हाला धक्क्यावर उतरवलं, बुधवारी दुपारी येते म्हणाली, आणि गेली. विमानाचा आवाज गेल्यावर कान कितीतरी वेळ तो शोधत राहतात.

मंगळवार : रानकोंबडी

पहाटे साडेसहाला दादाने उठवलं. गार, दवाने भिजलेलं गवत, आणि डासांऐवजी आता बारीक चावऱ्या माश्या. केबिनमागच्या जुन्या ट्रॅक्टरवाटेवर खडी आहे. स्प्रूस ग्राउझ, म्हणजे इथली रानकोंबडी, सकाळी खडे टिपायला तिथे येते. पोटात दाणा दळायला तिला खडे लागतात. तिचा मोसम इथे 10 ऑगस्टला सुरू होतो. मोठ्या जनावरांसाठी मात्र अलास्कात सक्त नियम आहे : विमानातून उतरलात की दुसऱ्या दिवशी पहाटे 3 पर्यंत शिकार करायची नाही.

दादा बंदूक जमिनीकडे रोखून पुढे, गळ्यात बेअर स्प्रे. मी मागे. हे स्पष्ट लिहितो, कारण हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. .22 हे अस्वलापासून वाचायचं हत्यार नाही. त्या गोळीने अस्वल थांबणार नाही, चिडेल. ती ससा, रानकोंबडी, खार यांच्यासाठी. अस्वलासाठी मोठ्याने बोलत चालणं, अन्न नीट बंद ठेवणं आणि स्प्रे.

वळणावर एक पक्षी वाटेवर उभा होता. आम्हाला बघून उडाला तो जेमतेम समोरच्या फांदीवर जाऊन बसला आणि मान वाकडी करून बघत राहिला. हा पक्षी इतका निर्धास्त, की भुकेल्या माणसाचं काम त्यामुळेच सोपं होतं. दादाने गुडघा टेकला, श्वास सोडला, एकच बार. टाळी वाजावी एवढाच आवाज. पक्षी पडल्यावर तो काही क्षण तसाच बसून राहिला, मग उठला. घाई नाही, आरडाओरडा नाही.

सोलण्याची पद्धत मी प्रथमच पाहिली. पक्षी पाठीवर ठेवायचा, दोन्ही पंख अंगाजवळ पायांखाली दाबायचे, दोन्ही तंगड्या धरून सावकाश वर ओढायचं. कातडं, आतडी सगळं तंगड्यांबरोबर सुटतं आणि पंखांसह छातीचं गडद मांस स्वच्छ हातात राहतं. सुरी लागलीच नाही. दादाने पोटाची पिशवी चिरून दाखवली : ब्लूबेरी, क्रॅनबेरी आणि खडे. आता गोड लागेल, तो म्हणाला. थंडीत हेच पक्षी फक्त स्प्रूसच्या सुया खातात, तेव्हा मांसाला राळेचा वास येतो.

दादा कोल्हापूरचा. डबीत कांदा-लसूण मसाला, खोबऱ्याचं वाटण गोठवून आणलेलं. लोखंडी कढईत रस्सा झाला. एका पक्ष्यात चार माणसं, तेव्हा प्रत्येकाला तीन-चार फोडी आणि बाकी रस्सा-भात. चव फार सुरेख. पण माझं गणित तिथेच सुरू झालं. सकाळचे अडीच तास चालणं, एक पक्षी, चार माणसांचं जेमतेम अर्धं जेवण.

बुधवार : धुकं

उठलो तर समोरचा किनारा नाही. धक्क्याचं टोकही दिसत नव्हतं. पावसाची बारीक भुरभुर. दुपारी सॅटेलाइट मेसेंजरवर वैमानिकेचा निरोप आला : आज नाही, उद्या बघू. इथे नेहमी येणाऱ्यांना हे नवीन नाही. लिहून ठेवा : फ्लोटप्लेनने जाणार असाल तर परतीच्या विमानाच्या आधी किमान दोन दिवस मोकळे ठेवा, आणि औषधं व अन्न तेवढं जास्त न्या.

आमच्याकडे पोटापुरतं होतं. पण 'आता हेच खरं समजून बघू' असं बायकोच म्हणाली. दादा पुन्हा वाटेवर गेला. धुक्यात आणि पावसात पक्षी कुठे दडले कोण जाणे, तीन तासांनी रिकाम्या हाताने, ओलाचिंब परतला. बायकोने तोवर धक्क्याच्या दोन खांबांना आणि काठावरच्या विलोच्या झाडाला जाड दोऱ्या बांधून गळ सोडले होते, आमिषाला कालच्या पक्ष्याचे उरलेले तुकडे. सोडले आणि आत येऊन चहा घेत बसली. तासाभराने बघितलं तर दोन पाइक.

पाइक हा या भागात मुळचा नाही. माणसांनी बेकायदा सोडला आणि तो सामनची पिल्लं फस्त करतो. त्यामुळे इथल्या कितीतरी तळ्यांत तो मारायला मर्यादाच नाही. लांबोडकं तोंड, आत मागे वळलेले दात. तोंडात बोट घालू नका, पक्कड वापरा. मांस पांढरं, घट्ट, पण पाला माशासारखे बारीक दुफाटी काटे. बायको असे मासे खातच वाढलेली. आडव्या बारीक चिरा देऊन काटे मोडले, आमसूल, हळद, मालवणी मसाला लावून तव्यावर टाकले. संध्याकाळपर्यंत आणखी एक लागला. आमची दोन्ही जेवणं त्या दोऱ्यांवर झाली.

"भाऊजी, तुम्ही चाललात तेवढ्या भुका वाढवून आलात," ती म्हणाली. दादा मनापासून हसला आणि म्हणाला, "खरं आहे गं. दोरी आपल्या झोपेतही काम करते."

त्या दिवसाने माझ्या मनातला प्रश्न सुटला. बंदूक तुम्ही चालता तेव्हाच काम करते, आणि चालणं म्हणजे अंगातली ताकद खर्च करणं. गळ आणि फासे बसल्या जागी काम करतात. पण हिवाळ्यात तळं गोठलं, पाय मुरगळला आणि फांदीवर पक्षी बसलेला असला, तर त्या क्षणाला दुसरं काही उपयोगाचं नाही. म्हणून ती हवी, आणि म्हणून ती दीड किलोचीच हवी. शंभर काडतुसं साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. एवढं ओझं माणूस कंटाळून मागे ठेवत नाही.

रात्री शेगडीजवळ गप्पा रंगल्या. दादाने सोव्हिएत अंतराळवीर लिओनॉव यांची गोष्ट काढली. मार्च 1965, अंतराळात चालणारा पहिला माणूस. परतताना त्यांचं व्होस्खोद-2 यान ठरल्या जागेपासून फार दूर, रशियातल्या पर्मच्या तैगात, म्हणजे उत्तरेकडच्या दाट जंगलात उतरलं. सहकारी बेल्यायेव आणि लिओनॉव यांनी बर्फात, लांडग्या-अस्वलांच्या रानात दोन रात्री काढल्या. पुढे सोव्हिएत अंतराळवीरांसाठी टीपी-82 ही तीन नळ्यांची बंदूक आली, तिचा सुटा दस्ता म्हणजे म्यानातला कोयता. 1986 पासून ती सोयूझ यानांतून अंतराळात जात होती. कल्पना तीच : लहान जागा, एकटा माणूस, अनोळखी रान.

मग वहिनीने पिशवीतून तुपाची बरणी काढली आणि सगळ्यांच्या भातावर वाढलं. ती बरणी तिच्या सर्व्हायव्हल किटचा भाग आहे, आणि त्यामागे पक्कं कारण आहे. सशाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते. नुसतं तेच खात राहिलं तर पोट भरूनही माणूस खंगतो, जुलाब, अशक्तपणा, न भागणारी भूक. उत्तरेकडच्या लोकांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे, इंग्रजीत त्याला 'रॅबिट स्टार्व्हेशन' म्हणतात. पाइकही तसाच कोरडा मासा. रायफल घेऊन रानात जाणाऱ्याने काडतुसांच्या आधी तूप किंवा तेल बांधावं. हे मला कुठल्याही माहितीपत्रकात दिसलं नव्हतं.

गुरुवार : परत

दहाच्या सुमाराला ढग उचलले गेले आणि लांबच्या डोंगरांवर पांढरी भुकटी दिसली. पहिला बर्फ. इथले लोक त्याला टर्मिनेशन डस्ट म्हणतात, हंगामी कामगारांनी गाशा गुंडाळायची खूण. साडेअकराला विमान आलं. वैमानिकेने उतरताच विचारलं, "काय खाल्लंत?" पाइकचं ऐकून तिने बायकोशी हात मिळवला. तुपाची बरणी हातात घेऊन वास घेतला, किती दिवस टिकतं, गोठतं का, कसं करतात, सगळं विचारलं. वहिनीने उरलेली बरणी तिलाच दिली.

निघण्याआधी दादाने रायफल सुटी केली. बोट घालून चेंबर बघितलं, नळीतून तेलाची चिंधी ओढली. बोल्टची खुंटी आत दाबली, कारण ती बाहेर राहिली तर रिसीव्हर खाचेत बसत नाही, आणि टोपण लावलं. ओली बंदूक दस्त्यात बंद करू नका, आत गंज धरतो.

भारतातल्या मित्रांसाठी एक गोष्ट. सह्याद्रीच्या ट्रेकसाठी असं काही हवं का, असं मला आधीच एकाने विचारलंय. नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे शिकार बंद आहे, बंदुकीला परवाना लागतो, आणि आपल्या कुठल्याही ट्रेकवर गाव काही तासांच्या अंतरावर असतं. दोरी, शिट्टी, टॉर्च, पाणी आणि घरी सांगून ठेवलेला मार्ग पुरे. ही रायफल जिथे पुढचं माणूस शंभर किलोमीटरवर आहे, तिथली.

सिअॅटलला आल्यावर आम्ही आमची यादी केली. वॉशिंग्टन राज्यात 2019 पासून कुठलीही सेमी-ऑटोमॅटिक रायफल, अगदी .22 सुद्धा, घ्यायची तर सुरक्षेचं प्रशिक्षण लागतं, आणि मला ते योग्यच वाटतं. ते मी पुढच्या वसंतात करणार आहे. तोवर दोन पीएलबी घेतले आहेत, एकेकाच्या पट्ट्याला एकेक. पीएलबी घेतलात तर नोआच्या, म्हणजे अमेरिकेच्या समुद्र आणि हवामान संस्थेच्या, संकेतस्थळावर नोंदणी करा. ती फुकट आहे, सक्तीची आहे आणि दर दोन वर्षांनी नवी करावी लागते. आपत्कालीन संपर्क म्हणून आम्ही दादाचा नंबर दिला आहे.